हत्तिणीच्या पुठ्ठ्यावरची न भरणारी जखम: जीन एक्स्प्रेशनसाठी नमुना कुठून आणि कसा घ्यावा?

पिपेट_ताळगाव

फोंडा तालुक्यातल्या एका बागायतीतली पाळीव आशियाई हत्तीण. वय अंदाजे ४५, वजन ३ टनांच्या आसपास. डाव्या पुठ्ठ्याच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबाने पडलेली जखम, साधारण ११ बाय ८ सेंमी, नऊ आठवडे जवळपास तेवढीच. मध्ये लालसर दाणेदार मांस आहे, कड जाड आणि फिकट आहे, पण कडेवरून नवी चामडी आत सरकत नाही. उपचार पशुवैद्य करतात. जखम दाहाच्या टप्प्यात अडकली आहे का, हे आरएनए पातळीवर, म्हणजे कुठली जनुके किती चालू आहेत ते मोजून (जीन एक्स्प्रेशन), बघायचे आहे. प्रश्न असे:

१. बायोप्सी कडेवरून, मधून की दोन्हीकडून? तुलनेसाठी निरोगी चामडी कुठली घ्यावी?
२. बागायतीतून ताळगावच्या प्रयोगशाळेत यायला दीड तास लागतो. जुलैची दमट हवा आहे आणि कोरड्या बर्फाचा भरवसा नाही. आरएनए टिकवायचा कसा?
३. कुठली जनुके मोजावीत? संदर्भ जनुक (स्थिर राहणारे, ज्याच्याशी बाकीची ताडायची) म्हणून अ‍ॅक्टिन-बीटा आणि जीएपीडीएच चालतील का?
४. हत्तीत टीपी५३ च्या (डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणाऱ्या किंवा मारणाऱ्या जनुकाच्या) वीसेक प्रती असतात. पेशी लवकर मरत असल्यामुळे जखम भरायला उशीर होतो, असे असेल का? तेही मोजावे का?

---

गजवैद्य

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात अडकलात तर पैसे फुकट जातील. टीपी५३ च्या जास्तीच्या प्रती त्या हत्तिणीच्या प्रत्येक पेशीत आहेत. तिच्या कानाला काटा लागून पडलेली चीर भरते आणि पुठ्ठ्यावरची भरत नाही, तर दोन्हीकडे जनुकसंच तोच आहे. वेगळा आहे तो दाब. तीन टनांचे धूड सिमेंटच्या कोब्यावर रोज रात्री त्याच हाडावर टेकते, खालच्या केशवाहिन्या दबतात, रक्त तुटते, आणि दिवसभर जे भरले ते रात्री मरते. हे कळायला क्यूपीसीआर (आरएनए मोजायची चाचणी) लागत नाही.

तेव्हा नमुना घेण्याआधी एक गोष्ट करून घ्या. झोपायच्या जागी नदीच्या जाड वाळूचा उतरता ढीग घाला, एका बाजूने दीड मीटरपर्यंत उंच. हत्ती त्याला रेलून झोपतो, पूर्ण आडवा होत नाही आणि उठताना हाड घासत नाही. पावसात वाळू भिजून दगडासारखी बसते, म्हणून वर छप्पर हवे आणि आठवड्यातून दोनदा फावड्याने मोकळी करायला हवी. साखळी कुठल्या पायाला आहे तेही बघा. जनावर रोज एकाच कुशीवर झोपत असेल, तर पुष्कळदा साखळीमुळेच त्याला दुसऱ्या कुशीवर वळता येत नाही.

दुसरे म्हणजे सळई. निर्जंतुक बोथट प्रोब सगळ्या बाजूंनी कडेखाली घालून बघा. हत्तीची चामडी पाठीवर आणि पुठ्ठ्यावर दोन ते तीन सेंमी जाड असते. वरचे तोंड लहान होत जाते आणि आत पुवाची पिशवी तशीच राहते. प्रोबला खरखरीत, कठीण लागले तर हाड उघडे आहे. हाडाचा मेलेला तुकडा आत असेल तर जगातला कुठलाही मलम जखम बंद करणार नाही, आणि तुमच्या सगळ्या नमुन्यांत आयएल-१-बीटा (दाहाचा संदेश देणारे प्रथिन) चढलेलाच दिसेल. पिशवी असेल तर सर्वांत खालच्या बिंदूला वाट करून द्यावी लागते, म्हणजे पू वजनाने उतरतो. हे काम तुमच्या पशुवैद्यांचे. पण ते झाल्यावरच पहिला नमुना घ्या, नाहीतर तुम्ही गळवाचा अभ्यास कराल, जखमेचा नव्हे.

आता बायोप्सी. ८ मिमीचा पंच (चामडीचा गोल तुकडा कापणारे नळीसारखे पाते) वापरा, प्रत्येक नमुन्याला नवा. जाड चामडीत पाते एका वेढ्यातच बोथट होते, आणि बोथट पात्याने ऊती कापली न जाता चेंगरते. पंचाचे पाते साधारण ७ मिमी खोल जाते, त्यामुळे निरोगी चामडीत वरचा थर आणि डर्मिसचा (खालच्या जाड थराचा) वरचा भागच मिळतो. हे लक्षात ठेवून जखमेच्या कडेवरही तेवढीच खोली धरा. एकीकडे ४ मिमी आणि दुसरीकडे ७ मिमी घेतलेत तर फरक खोलीचा असेल, जखमेचा नसेल. कडेवरचा पंच अर्धा जुन्या चामडीवर आणि अर्धा दाणेदार मांसावर ठेवा. दुसरा नमुना मधल्या मांसातून, कडेपासून निदान २ सेंमी आत.

निरोगी नमुन्यासाठी उजव्या पुठ्ठ्याचे तेच हाड निवडाल तर मोठी चूक होईल. डावी बाजू दुखते म्हणून ती उजवीवर झोपायला लागेल, आणि तिथे तुम्हीच भोक पाडलेले असेल. हाडापासून हातभर पुढे, जमिनीला न टेकणाऱ्या भागातून घ्या.

बधिर करायला साधे २ टक्के लिग्नोकेन. अ‍ॅड्रिनालिन मिसळलेले नको, कारण ते रक्तवाहिन्या आकसवते आणि रक्त कमी पडल्यावर वर येणारी जनुके तुमच्या निकालात घुसतात. सुई नमुन्याच्या जागेत न टोचता भोवती दीड-दोन सेंमी अंतरावर गोल टोचायची. आणि दाहशामक औषध (मेलॉक्सिकॅम, फ्लुनिक्सिन, काहीही) कधी दिले त्याची तारीख आणि वेळ वहीत हवी. नंतर आठवून लिहिलेली वेळ चालत नाही.

---

आरएनए_झुआरीनगर

गजवैद्यांनी जागेचे सांगितले, मी नळीतले सांगतो.

धुणे. हत्ती अंगावर माती उडवतो. मातीतली ह्युमिक द्रव्ये आरएनएसोबत उतरतात आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजला (मोजण्यासाठी आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमला) अडवतात. २६०/२३० गुणोत्तर (प्रकाशशोषणावरून शुद्धता सांगणारे) १ च्या खाली आले तर पहिला संशय मातीवर घ्या. पंचाआधी ०.९ टक्के सलाइनने भरपूर धुवा. ३५ मिलीची सिरिंज आणि १८ गेजची सुई लावली की धारेला पुरेसा जोर येतो आणि ऊतीला इजा होत नाही. पोव्हिडोन आयोडीन लावले असेल तर सलाइनने पूर्ण धुऊन काढा. हायड्रोजन पेरॉक्साइड अजिबात नको, त्याने फायब्रोब्लास्ट (नवे मांस विणणाऱ्या पेशी) मरतात.

टिकवणे. दीड तासाला कोरडा बर्फ लागतच नाही. आरएनएलेटर (आरएनए सडू न देणारा खारट द्रव) पुरते, पण ते ऊतीत सावकाश झिरपते. नमुन्याची एक तरी बाजू ५ मिमीपेक्षा पातळ हवी. ८ मिमीचा पंच तसाच बुडवलात तर मधला आरएनए सडेल. निर्जंतुक ब्लेडने उभा चिरा, म्हणजे प्रत्येक तुकड्यात वरचा थर आणि डर्मिस दोन्ही येतील. एक अर्धा आरएनएलेटरमध्ये, ऊतीच्या किमान पाचपट द्रवात. दुसरा अर्धा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, दहापट द्रवात, हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे ऊती सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. हा दुसरा अर्धा पुष्कळजण गाळतात आणि मग आकड्यांचा अर्थ लावत बसतात. पंचापासून बुडवण्यापर्यंत दोन मिनिटांच्या आत. नळी आइसपॅकच्या डब्यात, प्रयोगशाळेत रात्रभर ४ अंशांवर, दुसऱ्या दिवशी द्रव काढून टाकून उणे ८० मध्ये.

द्रव नायट्रोजन हवाच असेल तर गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्राकडे चौकशी करा; वीर्याच्या कांड्या ठेवायचा कॅन त्यांच्याकडे असतो. पण गोठवलेला तुकडा नंतर वाटेत वितळला तर आरएनएलेटरपेक्षा वाईट अवस्था होते.

काढणे. ही ऊती कोलॅजेनने गच्च भरलेली असते. नुसत्या होमोजनायझरने दोरे निघतात. द्रव नायट्रोजनमध्ये खलात कुटा किंवा स्टीलच्या मण्यांची मिल वापरा. ५० मिग्रॅ ऊतीला १ मिली ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए सोडवणारा फिनॉलचा द्रव), त्यापेक्षा जास्त ऊती घालू नका. क्लोरोफॉर्म ०.२ मिली, १२,००० जी, १५ मिनिटे, ४ अंश. वरचा थर सगळा ओढायचा मोह आवरा. मधल्या पांढऱ्या पडद्याला पिपेट लागली की डीएनए आला. आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा १० पैकी गुण) ७ च्या वर असावा. निरोगी चामडीचा ८ आणि जखमेचा ५ अशी जोडी आली तर तुलना करू नका. ती दोन ऊतींची नव्हे, दोन दर्जांची तुलना ठरते.

टीपी५३. इथे हत्ती आपल्याला नेहमीच्या सवयीत पकडतो. आफ्रिकी हत्तीत टीपी५३ च्या २० प्रती आणि आशियाई हत्तीत १५ ते २० प्रती असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. यातली मूळ प्रत एकच, तिच्यात इंट्रॉन (संदेशातून कापून टाकले जाणारे मधले भाग) आहेत. बाकीची रेट्रोजनुके, म्हणजे इंट्रॉन कापून झालेल्या संदेश-आरएनएची प्रत उलटी डीएनएत येऊन बसलेली. आपण एरवी प्रायमर (मोजायच्या जनुकावर बसणारा डीएनएचा छोटा तुकडा) दोन एक्झॉनच्या, म्हणजे संदेशात उरणाऱ्या भागांच्या, सांध्यावर बसवतो आणि डीएनए मिसळला तरी चालेल असे धरतो. रेट्रोजनुकात सांधा डीएनएतच जोडलेला आहे! म्हणजे नळीत राहिलेल्या थोड्याशा जीनोमिक डीएनएवरही प्रायमर बसतील, तेही वीसेक जागी, आणि तुम्हाला वाटेल जखमेत टीपी५३ उसळला आहे.

म्हणून डीएनेज (डीएनए तोडणारे एन्झाइम) अनिवार्य, ३७ अंशांवर ३० मिनिटे, आणि प्रत्येक नमुन्याला आरटी (रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज) न घातलेली जोडनळी. दोघींच्या सीटीत (कितव्या फेरीला संकेत दिसला त्या आकड्यात) निदान ७ चा फरक हवा, म्हणजे डीएनएचा वाटा एक टक्क्याच्या आत राहतो. शिवाय मिळालेला तुकडा सॅंगर पद्धतीने अक्षर-अक्षर वाचून घ्या. एकाच जागी दोन शिखरे दिसली तर तुम्ही एकापेक्षा जास्त प्रती मोजताय. मेल्ट कर्व्हवर (तुकडा किती तापमानाला सुटतो त्या आलेखावर) विसंबू नका. एकदोन अक्षरांचा फरक त्यात लपतो.

पण माझे मत विचाराल तर टीपी५३ चा आरएनए मोजूच नका. त्याचे प्रथिन, पी५३, मुख्यतः एमडीएम२ या दुसऱ्या प्रथिनाकडून होणाऱ्या विघटनावर नियंत्रित होते. संदेश तेवढाच राहूनही प्रथिन अनेक पटींनी वाढू शकते. पी५३ जागा आहे का हे बघायचे तर त्याच्या हाताखालची जनुके मोजा: सीडीकेएन१ए, बॅक्स, एमडीएम२. हत्तीत एलआयएफ६ हेही पी५३ च्या आदेशावर चालते. त्याचे प्रथिन मायटोकॉन्ड्रियात जाऊन पेशी मारते, हे २०१८ मध्ये दाखवले गेले. मात्र एलआयएफच्याही अनेक प्रती आहेत, त्यामुळे प्रायमरची तीच कटकट. आणि २०१५ चे जे आकडे सगळे सांगतात (विकिरणानंतर हत्तीच्या १४.६४ टक्के आणि माणसाच्या ७.१७ टक्के पेशींचा आत्मनाश), ते रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे, डीएनएला इजा केल्यावरचे. त्यावरून दाबाच्या जखमेबद्दल बोलणे म्हणजे सुपारीवरून नारळाचा अंदाज बांधणे.

मोजायचे काय. कमी आणि नेमके. दाहासाठी आयएल१बी (आयएल-१-बीटाचे जनुक), सीएक्ससीएल८, टीएनएफ. मांस भरण्यासाठी व्हीईजीएफए, सीओएल३ए१, सीओएल१ए१. एमएमपी९ (ऊती कापणारे एन्झाइम) आणि टीआयएमपी१ (त्याला आवरणारे) ची जोडी, कारण चिघळलेल्या जखमेत पहिला चढलेला आणि त्याच्या मानाने दुसरा उतरलेला असतो. जखम आकसते आहे का यासाठी एसीटीए२. कडेवर केआरटी१६ (केरॅटिनचे जनुक) आणि एमकेआय६७ (पेशी वाढताहेत का ते सांगणारे): पेशी वाढताहेत पण सरकत नाहीत, असे चित्र जुन्या जखमेत नेहमीचे आहे, आणि तुमच्या जाड कडेवरून तेच वाटते.

याला जोडून पेशींची गणती हवी. मधल्या मांसात वरचा थर नाहीच, तेव्हा तिथे केरॅटिन ‘घटले’ असे लिहिण्यात अर्थ नाही. केआरटी१४, पीटीपीआरसी आणि पीडीजीएफआरए एवढी तीन लावलीत तर त्वचेच्या, रक्तातल्या पांढऱ्या आणि फायब्रोब्लास्टच्या पेशींचे प्रमाण साधारण कळते.

संदर्भ जनुके. अ‍ॅक्टिन-बीटा नको, पेशी सरकायला लागली की तेच बदलते. जीएपीडीएच प्राणवायू कमी पडला की चढते, आणि दाबाच्या जखमेत प्राणवायूच कमी असतो. बी२एम दाहाने चढते. वायडब्ल्यूएचएझेड, टीबीपी, एसडीएचए, एचपीआरटी१, आरपीएलपी० यांतली पाच तपासा, जीनॉर्म या संगणकी प्रणालीला लावा आणि स्थिर निघालेली तीन ठेवा. प्रायमर माणसाचे उचलू नका; शेवटच्या टोकाला एक अक्षर चुकले तरी कार्यक्षमता कोसळते. आशियाई हत्तीचा गुणसूत्र पातळीवर जुळवलेला जीनोम (एमएलेमॅक्स१) उपलब्ध आहे, त्यावरून करा. ८० ते १५० बेसचा तुकडा, कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, प्रमाण-आलेखाचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६.

---

गणिती_मडगाव

हत्तीण एकच आहे हे विसरू नका. एका नमुन्याच्या तीन विहिरी (मोजणीच्या प्लेटमधले खड्डे) म्हणजे तीन हत्ती नव्हेत. तो फक्त पिपेटिंगचा अंदाज. त्या तीनवर टी-चाचणी लावून तारका (फरक योगायोगाचा नाही अशी खूण) काढल्यात तर जाणकार पहिल्याच पानावर कागद बाजूला ठेवेल. पी-मूल्य देऊच नका. त्याच जनावराची काळानुसार मालिका द्या: वाळू घालण्याआधी, मग २१ व्या दिवशी, मग ४२ व्या. प्रत्येक वेळी कडेची वेगळी जागा, घड्याळाच्या काट्याप्रमाणे नोंदवलेली (१२ ला डोक्याकडची बाजू), कारण एकदा पंच मारलेली जागा आठवडाभर ताजी जखमच असते. सोबत पट्टी ठेवून काढलेला फोटो आणि क्षेत्रफळ. क्षेत्रफळ घटले नाही आणि आयएल१बी घटला, तर काय म्हणाल ते आधीच लिहून ठेवा. निकाल आल्यावर कुठलीही गोष्ट रचता येते.

---

गजवैद्य

त्याच ‘ताज्या जखमे’चा उपयोग करून घ्या. निरोगी चामडीत तुम्ही जे ८ मिमीचे भोक पाडणार, ती दाब नसलेल्या जागची नियंत्रित जखम झाली. सातव्या दिवशी तिच्या कडेवरून ४ मिमीचा छोटा पंच घेतलात तर याच हत्तिणीत नीट भरणारी जखम कशी दिसते ते कळेल. चिघळलेली जखम आणि अखंड चामडी एवढीच तुलना केलीत तर प्रत्येक जनुक बदललेले दिसेल, त्याने काही सिद्ध होत नाही. घोड्यात हेच आहे: धडावरची जखम भरते, पायाच्या खालच्या भागातली रेंगाळते आणि मांस वर वाढते. दोन्ही एकाच घोड्यावर, म्हणून तुलना अर्थाची.

---

पिपेट_ताळगाव

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. माहूत रोज सकाळी हळद-खोबरेल लावतो, थांबवावे का? आणि आरएनएलेटरची बाटली यायला वेळ लागणार आहे, पर्याय आहे का?

---

आरएनए_झुआरीनगर

हळदीचे दोन त्रास आहेत. पिवळा रंग चरबीत विरघळणारा. बराचसा खालच्या फिनॉलमध्ये जातो, पण थोडा वर राहिला तर कर्क्युमिन (हळदीचे ते पिवळे द्रव्य) स्वतःच चमकते आणि फ्लुओरेसन्सवर मोजणाऱ्या यंत्राला फसवते. दुसरे, कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बी (दाहाची जनुके चालू करणारे प्रथिन) दाबते, म्हणजे तुम्ही मोजणार ते आयएल१बी आणि टीएनएफच. बंद करा असे मी म्हणणार नाही, तो उपचाराचा भाग आहे आणि पावसात माशी दूर राहायला तेलाचा उपयोग होतो. पण ते सर्व नमुन्यांच्या वेळी सारखे असावे, आणि नमुन्याच्या आदल्या दिवशी सकाळनंतर लावू नये. तेलाचा थर पुसल्याशिवाय पंच मारलात तर आरएनएलेटर आत झिरपणार नाही.

द्रव घरी होतो. ९३५ मिली डीईपीसी पाणी (आरएनए तोडणारी एन्झाइमे निकामी केलेले), ७०० ग्रॅम अमोनियम सल्फेट, १ मोलर सोडियम सायट्रेट २५ मिली, ०.५ मोलर ईडीटीए ४० मिली. मंद आचेवर ढवळा, सगळे विरघळायला वेळ लागतो. थंड झाल्यावर सल्फ्युरिक आम्लाने पीएच ५.२ करा. फ्रिजमध्ये तळाला खडे दिसले तर ३७ अंशांवर विरघळवून मग वापरा. ऊती द्रवात पूर्ण बुडलेली राहील हे बघा.

---

गजवैद्य

माशीचा विषय निघाला म्हणून. जखमेत अळ्या पडल्या असतील तर त्या दिवशी नमुना घेऊ नका. अळ्या काढायला टर्पेंटाइन ओततात, त्याने दाणेदार मांस भाजते, आणि मग पुढचे काही दिवस तुम्ही टर्पेंटाइनची जखम मोजाल. चिमट्याने काढा, सलाइनने धुवा आणि तारीख पुढे ढकला. रक्तही घेणार असाल (कानामागच्या शिरेतून, रक्तातला आरएनए टिकवणाऱ्या पॅक्सजीन नळीत २.५ मिली, ८ ते १० वेळा हलकेच उलटी-सुलटी करून), तर वेगळी पेशीगणना स्लाइडवर हाताने करा. हत्तीच्या मोनोसाइटचे केंद्रक दोन पाळ्यांचे असते आणि यंत्र त्यांना लिम्फोसाइटमध्ये टाकते. सीरम अमायलॉइड ए आणि हॅप्टोग्लोबिन या दाहात चढणाऱ्या रक्तप्रथिनांची चाचणी केल्यास आत कुठे मोठा संसर्ग आहे का ते कळते, आणि ते कळले तर आधी त्याचा शोध.

---

रानवाट_सत्तरी

कागदपत्रे राहिली. हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, पाळीव असला तरी. मालकाची तोंडी संमती पुरत नाही. मालकी प्रमाणपत्राची प्रत, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आणि मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी, तिन्ही पंच हातात घेण्याआधी. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा बेत असेल तर सायटीसचा (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचा) परवाना वेगळा, आशियाई हत्ती परिशिष्ट १ मध्ये आहे. आणि तिलारीकडून पेडण्यात उतरणाऱ्या रानहत्तींवर जखम दिसली म्हणून तिथे याच पद्धतीचा विचारही नको. तिकडे फक्त वन खाते.

---

पिपेट_ताळगाव

देव बरे करू सगळ्यांना. वाळू आणि छप्पर या आठवड्यात होईल, प्रोब पशुवैद्य रविवारी घालणार. परवानगी येईपर्यंत जखमेतला स्राव गोळा करता येईल का? त्यात भोसकावे लागत नाही.

---

आरएनए_झुआरीनगर

स्राव म्हणजेही जैविक नमुना, तेव्हा अर्जात त्याचेही नाव घाला. परवानगी आल्यावर पंचाआधीच्या आठवड्यात तोच पहिला घ्या. निर्जंतुक गॉझ पाच मिनिटे ठेवा, सिरिंजमध्ये पिळा, ४ अंशांवर फिरवून वरचे पाणी उणे ८० ला. त्यावर जिलेटिन झायमोग्राफी (जिलेटिन पचवणारी एन्झाइमे जेलवर दाखवणारी चाचणी) करा: १० टक्के जेल, जिलेटिन १ मिग्रॅ प्रति मिली, नमुना उकळायचा नाही, कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये ३७ अंशांवर रात्रभर. निळ्या जेलवर पांढरे पट्टे दिसतात. ९२ किलोडाल्टनच्या आसपास निष्क्रिय एमएमपी९, त्याच्या खाली सक्रिय, ७२ ला एमएमपी२. आरएनए सांगतो की पेशीने हुकूम सोडला, झायमोग्राफी सांगते की कात्री खरोखर चालते आहे. प्रत्येक विहिरीत सारखे प्रथिन घाला, सारखे आकारमान नव्हे. धुतल्यानंतर लगेच घेतलेला स्राव सलाइनने पातळ झालेला असतो. धुण्याच्या निदान चार तासांनंतर घ्या.